काशीबाईचा आटलेला राग

तारापूरच्या खाडीकडच्या वाडीत काशीबाईचं तोंड सुटलं की किनाऱ्यावरची कुत्रीसुद्धा शेपूट घालून होड्यांच्या आडोशाला जायची. ही निंदा नव्हे, वाडीतल्या बाया हे अभिमानानं सांगत. बोईसरचा व्यापारी असो, एस.टी.चा कंडक्टर असो, नाहीतर होळीची वर्गणी मागायला आलेली मंडळी, काशीबाई कुणाची भीडभाड ठेवत नसे. आणि बाहेर कुणी सापडलं नाही तर घरात दादू होताच. दादू म्हणजे तिचा नवरा. वादळात शीड उतरवताना ज्याचा हात कधी थरथरला नाही असा हा गडी, घरात शिरताना मात्र आधी उंबऱ्याबाहेर खोकायचा आणि खोकल्याबद्दलही बोलणी खायचा.

"मुडद्या, खोकतोस काय भायेर हुबा राहून? तुजं सामान कुनी चोरून नेनार हाय काय?"

लग्न झाल्यापासून हे असंच चालू होतं. दादू मूग गिळून बसायचा आणि ताडीच्या गुत्त्यावर जाऊन आपल्या नशिबाची रड गायचा. तिथले बाकीचे नवरेही आपापली रड घेऊन आलेले असत, त्यामुळे त्याचं कुणी फारसं ऐकत नसे.

पण या तोंडावरच त्याचं घर चाललं होतं, हे दादू सोयीस्करपणे विसरायचा. वाडीच्या उत्तरेला वाळूचा एक उंचवटा होता. दोन्ही अंगांनी वारा, खाली ओल नाही. तिथे बांबू रोवून बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील टांगले की इतरांच्या आधी सुकत, पांढरे आणि कडक निघत, आणि पालघरच्या बाजारात लोक ते नावानं मागून घेत. वाडीतली सगळ्यात चांगली जागा ती, आणि ती काशीबाईकडे होती. पण कायमची नव्हती. वाळवणाच्या जागांचा वाडीत एक रिवाज होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वाडीचा पाटील एकेका जागेवर जायचा आणि तीनदा विचारायचा, "ही जागा कुनाची?" त्या घरच्या बाईनं जागेवर उभं राहून उत्तर द्यायचं, आणि ते खाली पाण्याच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांना ऐकू जायला हवं. ऐकू आलं की म्हातारे हात वर करत आणि जागा वर्षभर त्या घराची होई. पुरुषानं हाक दिली तर ती धरत नसत. पुरुषानं समुद्र बघावा, वाळवण बाईचं.

उंचवट्यावर दर वर्षी कुणी ना कुणी डोळा ठेवून यायचं. काशीबाईची पहिली हाक आणि तिच्या मागोमाग येणारी मुक्ताफळं ऐकली की तो प्राणी आपण जणू हवा खायला आलो होतो असा चेहरा करून परत फिरायचा.

तर ती साठच्या दशकातली मधली वर्षं होती. तारापूरला अणुवीजघराचं बांधकाम जोरात चाललं होतं. नाशिककडची, खानदेशातली, कुठली कुठली माणसं कामाला आली होती. बोईसर स्टेशनाबाहेर चहाच्या टपऱ्या, कापडाची दुकानं, खाणावळी निघाल्या होत्या, आणि त्यांच्याच रांगेत डॉक्टर चुरींचा दवाखाना होता. चुरी मूळचे माकुणसारचे. मुंबईत डॉक्टरकी शिकले, तिथेच कुठल्याशा नामांकित प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत काही दिवस काचेची भांडी हाताळली, आणि तेव्हापासून आपण शास्त्रज्ञ आहोत अशी त्यांची पक्की खात्री झाली. नशिबी मात्र आले बोईसरचे गळू, खरूज आणि जुलाब. पण माणूस हार मानणारा नव्हता. दवाखान्याच्या मागच्या पडवीत त्यांनी ससे पाळले होते आणि त्यांच्यावर ते औषधाचे प्रयोग करत. आजूबाजूच्या लोकांना वाटायचं, डॉक्टर सशाचं मटण आवडीनं खातात.

काशीबाई या डॉक्टरांच्या मागच्या दारी पापलेट विकायला गेली आणि गोष्ट तिथे सुरू झाली. डॉक्टर भावात घासाघीस करायला लागले. काशीबाईनं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला घेतला. उद्धार तिसऱ्या पिढीपर्यंत आला असताना तिला एकदम गरगरलं आणि ती पायरीवर बसली. डॉक्टरांनी धावत जाऊन यंत्र आणलं, तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, आणि पारा वर चढताना बघून त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की कुणाला वाटावं, त्यांना मुलगा झाला.

"बाई, तुमचा रक्तदाब भलताच वाढलाय! रोज गोळी घ्यावी लागेल."

"गोळी तू खा! म्हावरं फुकट पायजे म्हनून मला रोगी करतोस व्हय रे?" असं म्हणून काशीबाईनं पट्टा त्यांच्या अंगावर फेकला, टोपली डोक्यावर घेतली आणि ती गेली. दुखणं खरं होतं, हेही सांगायला हवं. डॉक्टर मूर्ख असले तरी त्यांचं यंत्र खोटं बोलत नव्हतं.

मग डॉक्टरांनी दादूला बोलावणं धाडलं. दादू घाबरत घाबरत आला, कारण बायकोनं काय नुकसान करून ठेवलंय याचा त्याला अंदाज नव्हता. डॉक्टरांनी त्याला मागच्या पडवीत नेलं आणि त्याच्यासमोर दोन बाटल्या ठेवल्या. दोन्हींत पाण्यासारख्या औषधात चिंचोक्याएवढा एकेक तुकडा तरंगत होता. एक गडद तपकिरी, दुसरा फिकट.

"ही सशाच्या मूत्रपिंडावरची ग्रंथी," डॉक्टर म्हणाले. "प्रत्येक प्राण्याला असते. तुला आहे, मला आहे, तुझ्या बायकोला तर आहेच आहे. टोपी घातल्यासारखी मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेली असते. हिच्या पोटात बारीक बारीक पिशव्या असतात आणि त्यांत एक रस साठवलेला असतो. माणूस चिडला, घाबरला, की हा रस रक्तात उतरतो. मग छाती धडधडते, डोळे लाल होतात, रक्तदाब चढतो."

"आनि तोंड सुटतं?" दादूनं विचारलं.

"तेही सुटत असावं," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "आता बघ. या तपकिरी तुकड्यात रस भरलेला आहे. रसायनात बुडवलं की भरलेली ग्रंथी अशी रंगते. आणि हा फिकट तुकडा दुसऱ्या सशाचा. त्याला मी रिसर्पिन दिलं होतं, सर्पगंधेच्या मुळीतून काढलेलं. त्या औषधानं पिशव्या गळक्या होतात. रस आत राहतच नाही, आतल्या आत वाया जातो. साठाच रिकामा! मग त्या सशासमोर कुत्रा आणून बांधला तरी ससा ढिम्म हलत नाही."

दादू फिकट तुकड्याकडे आ वासून बघत राहिला. कुणाला देवळात देव दिसतो, दादूला तो बाटलीत दिसला.

"डागदरसाब, हे मानसाला चालतं?"

"रक्तदाबावर सगळीकडे हेच देतात. पण तुझी बायको घेणार नाही. तू कशात तरी मिसळून दे. आणि हे बघ, अधूनमधून तिची लघवी एका बाटलीत आणून द्यायची. मुंबईला माझा एक मित्र तपासून देईल. या रसाचा अंश लघवीत उतरतो. साठा रिकामा झाला की तिथेही तो कमी दिसायला हवा. माणसावरचं असं निरीक्षण मी प्रसिद्ध केलं ना, की माझे प्राध्यापक खुर्चीवरून पडतील!"

म्हणजे एकाला घरात शांतता हवी होती आणि दुसऱ्याला प्राध्यापक खुर्चीवरून पडायला हवे होते. जिच्या पोटात गोळी जाणार होती, तिला विचारावं असं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आता गोळी द्यायची कशातून? चहा काशीबाई स्वतः करायची, जेवण तीच रांधायची, आणि दादू चुलीजवळ गेला असता तर तिनं लाकूडच उचललं असतं. पण दुपारच्या जेवणानंतर तिला विडा लागायचा, आणि तो लावायचं काम लग्नापासून दादूचं होतं. घरातली तेवढीच एक गोष्ट त्याला नीट जमते, असं काशीबाई म्हणायची. दादूनं गोळी चुरडून चुन्यात कालवली आणि विडा बायकोच्या हातात दिला.

"चुना जास्त झालाय, मेल्या," काशीबाई म्हणाली आणि तिनं तो चघळून खाल्ला.

पहिले काही दिवस काही झालं नाही. फक्त तिचं नाक चोंदलं आणि ती भरदुपारी पेंगायला लागली. मग एके दिवशी दादूकडून कालवणाचं मडकं फुटलं. सगळं कालवण जमिनीवर. दादूनं डोळे मिटून घेतले आणि डोकं हातांत धरलं, कारण यानंतर काहीतरी डोक्यात बसायचं हे ठरलेलं. काहीच बसलं नाही. त्यानं डोळे उघडले तर काशीबाई फडक्यानं जमीन पुसत होती.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "फुटायचंच होतं."

दादूला रडूच फुटायचं बाकी होतं. तो तसाच बाहेर आला आणि उगाचच दोन वेळा वाडीत इकडून तिकडे फिरला. छाती पुढे काढून माणूस कसा चालतो ते वाडीनं त्या दिवशी पाहिलं.

त्यानंतर दादूचे दिवस फिरले. तो उंबऱ्यावर खोकेनासा झाला. उशिरा उठायला लागला. शेजारची जमना, काशीबाईची लहानपणापासूनची मैत्रीण, विचारायला आली, "काशे, तुला बरं नाय काय गं?" तर दादूच पुढे होऊन म्हणाला, "बरं हाय. पयल्यांदाच बरं हाय!" काशीबाई नुसती बसून राहायची. जेवण अर्धवट टाकायची, समुद्राकडे बघत बसायची, विचारलं तर म्हणायची, "काय नाय." एकदा तर तिनं नासलेल्या बोंबलांची टोपली तशीच बाजारात नेली. चोंदलेल्या नाकाला वासच आला नाही. जिनं आयुष्यभर नाकानं मासळी पारखली त्या बाईला पालघरच्या बाजारात लोक बोलले, आणि ती खाली मान घालून टोपली उचलून परत आली. दादूला हे कळलं तेव्हा त्याला किंचित खटकलं. किंचितच. शांतता मोठी गोड लागत होती.

राहिला प्रश्न बाटलीचा. बायकोची लघवी आणायची कशी? मागितली तर कारण सांगावं लागणार. दादूनं डोकं चालवलं आणि बाटली स्वतःच भरून दिली. माणसाची लघवी ती माणसाची लघवी, असा त्याचा हिशेब. पण दर वेळी बाटली भरताना त्याच्या मनात यायचं, काशीला हे कळलं तर? आणि नुसत्या त्या विचारानं त्याची पाचावर धारण बसायची, हातपाय थंड पडायचे. परिणाम काय झाला, तर मुंबईहून उत्तर आलं की बाटलीत रस ओसंडून वाहतोय. चुरी डॉक्टर चक्रावले. बाई शांत आणि रस वाढलेला! सगळ्या पुस्तकांच्या उलट! त्यांनी दोन दिवस दवाखाना बंद ठेवून विचार केला आणि शेवटी मासे खाणाऱ्या स्त्रियांच्या ग्रंथींविषयी एक नवाच सिद्धांत मांडून ठेवला.

इकडे दादूला सुख पचेना. ताडीच्या गुत्त्यावर त्याला पूर्वी कुणी विचारत नसे, आता सगळे त्याच्याभोवती. "काय केलंस रे?" म्हणून विचारत. गोळीचं नाव त्यानं काढलं नाही, पण मिशीवरून हात फिरवत सांगितलं, "बायकोला वळन लावायला मर्द लागतो. माजी काशी आता गाय झालीय गाय. कुनी घरात शिरून भांडी नेली तरी बोलायची नाय."

गुत्त्यावर त्या दिवशी पुंजाराम बसला होता. पुंजाराम निफाडकडचा. बांधकामावर मजूर पुरवता पुरवता त्याला सुक्या मासळीच्या धंद्याचा वास लागला होता. गावाकडे सुके बोंबील चांगले खपतात हे त्याला ठाऊक होतं. जवळच्या कुंभवली गावातली खोली सोडून तो बायकोसकट वाडीत भाड्यानं राहायला आला होता. त्यानं दादूला आणखी एक पेला पाजला आणि हळूच विचारलं, "खरंच बोलायची नाही?"

"अक्षर नाय!" दादू म्हणाला. आपल्या पायावर कुऱ्हाड घालताना माणूस इतका खूश क्वचितच दिसतो.

दसरा जवळ आला तसं जमनानं दादूला किनाऱ्यावर गाठलं. "आरं दादू, हाक कोन देनार? तो पुंजाराम पाटलाकडं जाऊन आलाय. उंचवट्यावर त्याची बायको हुबी ऱ्हानार हाय. काशीकडं बघ जरा, तिला डोक्यावरची माशी हाकलवत नाय!"

दादूनं वळून उंचवट्याकडे पाहिलं. उंचवटा गेला तर बोंबील सुकवायचे कुठे? उरलेल्या जागा ओलीच्या, तिथे मासळी पिवळी पडणार, नाहीतर ओलीच कवडीमोलानं फुंकून टाकावी लागणार. पण मग दादूला युक्ती सुचली. त्याचं सगळं आयुष्य खाडीच्या तोंडाशी गेलेलं. ओहोटी लागली की खाडी रिकामी होते, चिखल उघडा पडतो, होड्या कलंडतात. पण म्हणून कुणी रडत बसत नाही. पाणी दुसऱ्या भरतीला आपोआप येतं. गोळी म्हणजे ओहोटी. गोळी थांबवली की भरती लागणार. दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून विडा कोरा द्यायचा, हाकेच्या दिवसापर्यंत काशी काठोकाठ भरलेली असेल, आणि हाक झाली की गोळी पुन्हा चालू! डॉक्टरला विचारायचीसुद्धा गरज नव्हती. भरती-ओहोटी काय डॉक्टरला विचारून येते?

त्यानं आदल्या दिवशी कोरा विडा दिला. दसऱ्यालाही कोरा दिला. काशीबाईनं दोन्ही खाल्ले आणि ती भिंतीला टेकून बसून राहिली. दादू तिच्याभोवती घिरट्या घालत होता. मुद्दाम उंबऱ्यावर खोकला, मुद्दाम ओल्या पायांनी घरभर फिरला, पाण्याचा हंडा लवंडवला. "भरतीला यळ हाय अजून," त्यानं स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडी किनाऱ्यावर जमली. पाटील एकेक जागा करत उंचवट्यावर आला. खाली पाण्याच्या कडेला म्हातारे कानामागे हात धरून बसले. पुंजाराम धुतलेलं धोतर नेसून आला होता. त्याच्यामागे त्याची बायको साखरबाई, डोक्यावरून पदर घेतलेली, एवढीशी, घाबरलेली. तिला बघून दादूला हायसं वाटलं. त्यानं काशीबाईला दंडाला धरून जागेवर उभं केलं आणि कानात म्हटलं, "काशे, दे हाक. तो बघ, जागा घ्यायला आलाय मेला!"

काशीबाईनं पुंजारामकडे पाहिलं. मग दोऱ्यांच्या बांबूंकडे पाहिलं.

"ही जागा कुनाची?" पाटील ओरडला.

काशीबाईचे ओठ हलले. "आमची," ती म्हणाली. शेजारी उभ्या जमनाला ऐकू आलं, तेवढंच.

"ही जागा कुनाची?"

"काशे!" जमना ओरडली. "आगं वरड की! तुजा गळा कुटं गेला?"

काशीबाईनं श्वास घेतला. मनातून प्रयत्न करत होती ती, हे समोरच्या सगळ्यांना दिसत होतं. जागा जातेय हे तिला कळत होतं. पण कळण्याच्या खाली जे काही लागतं, ज्यानं छाती भरते आणि आवाज फुटतो, तेच तिच्यात नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मला व्हईना," ती जमनाला म्हणाली. "काय झालंय मला?"

दादूनं ते ऐकलं आणि त्याचा धीर सुटला. "आमचीऽऽ!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला. "आमची हाय जागा! काशीची हाय!" आवाज पार होड्यांपलीकडे गेला. खाली बसलेले म्हातारे हसले. बाप्याची हाक! एकानं तर कानामागचा हात काढून टाकला.

"ही जागा कुनाची?" पाटलानं तिसऱ्यांदा विचारलं, आणि जरा रेंगाळला. त्यालाही काशीबाईचं वाईट वाटत होतं.

पुंजारामनं बायकोला कोपरानं ढोसलं. साखरबाईनं पदर सावरला. दिसायला चिमणीएवढी ती बाई, पण माहेरी शेतात राखण करून वाढलेली, दोन शेतांपलीकडच्या माणसाला जेवायला बोलावायची सवय असलेली. "आमची हाऽऽय!" तिनं आरोळी ठोकली. खालच्या सगळ्या म्हाताऱ्यांचे हात वर गेले.

दादू तसाच पळत बोईसरला गेला. डॉक्टर सशांना गवत घालत होते. दादूची हकिगत ऐकून ते दुःखी झाले नाहीत, उलट त्यांचे डोळे चमकले.

"दोन दिवसांत कसा भरेल साठा? अरे वेड्या, ते औषध पिशव्यांना चिकटून बसतं. जुन्या पिशव्या बादच होतात. शरीराला नव्या तयार कराव्या लागतात, मग त्यांत रस भरतो. आठवडे लागतात! सशांमध्ये मी डोळ्यांनी पाहिलंय. मला विचारायचं तरी!"

"मंग आदी का नाय सांगितलं?"

"तू विचारलंस कुठे?" डॉक्टर म्हणाले आणि पुन्हा गवत घालू लागले.

हंगाम सुरू झाला. उंचवट्यावर पुंजारामचे बोंबील टांगले गेले, पांढरे आणि कडक. दादूची मासळी किनाऱ्यावरच ओली विकली जाऊ लागली आणि ती घ्यायलाही पुंजारामच यायचा. तो सांगेल तो भाव. दादूनं गोळ्या खाडीत टाकून दिल्या होत्या. मासे शांत झाले की नाही कोण जाणे. तो रोज दुपारी कोरा विडा लावायचा आणि चोरून बायकोच्या तोंडाकडे बघायचा.

राग परत आला तो हळूहळू आला. आधी तिचं नाक मोकळं झालं. मग भूक लागली. मग एके सकाळी पुंजारामनं भाव पाडून मागितला तेव्हा काशीबाईनं मान वर केली आणि त्याच्या मिशीपासून निफाडपर्यंत सगळं काढलं. पुंजारामनं गपचूप भाव वाढवून दिला. जमना तर आनंदानं टाळ्या पिटायला लागली. दादू होडीत बसून ऐकत होता. त्याचे डोळे भरून आले. वाटलं, सुटलो एकदाचा. जागा पुढच्या दसऱ्याला परत घेऊ.

आणि सुटलाही असता. पण चुरी डॉक्टरांना शास्त्र गप्प बसू देईना. आठवड्याच्या बाजाराला काशीबाई बोईसरला गेली होती. भर बाजारात डॉक्टरांनी तिला गाठलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "बाई, तुमच्या लघवीची बाटली हल्ली येत नाही? नवरा म्हणतो गोळ्याही बंद केल्या. अहो, विड्यातून घ्यायला काय हरकत होती? तुमच्या लघवीनं मुंबईत खळबळ उडवलीय!"

पुढे जे झालं ते दादूला जमनानं येऊन सांगितलं, धापा टाकत. काशीनं डॉक्टरकडून एकेक गोष्ट वदवून घेतली. ससे, बाटल्या, गोळ्या, विडा, सगळं. मग तिनं तोंड उघडलं. स्टेशनावरचे हमाल ऐकायला धावत आले. डॉक्टरनं आत जाऊन दार लावून घेतलं, तर ही दाराबाहेर उभी राहून बोलत राहिली. शेवटी म्हणे सशांनी पिंजऱ्यात उड्या मारायला सुरुवात केली. "आता तुजी पाळी हाय, दादू," जमना म्हणाली. तिला त्याची दया येत नव्हती, आणि का यावी?

दादू उंबऱ्यावर बसून राहिला. भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा जास्त काहीतरी बरं वाटत होतं. येऊ दे. शिव्या देईल, डोक्यात परात घालेल, वाडीला तमाशा होईल, आणि मग संपेल. होतं ते होऊन जाऊ दे.

काशीबाई आली. टोपली ठेवली, पाय धुतले. चूल पेटवली, भात टाकला, कालवण केलं. दादू वाट बघत होता. तिनं ताट वाढून त्याच्यासमोर ठेवलं, पाण्याचा तांब्या ठेवला.

"काशे," दादू म्हणाला. त्यानं ताटाला हात लावला नाही. "बोल ना गं. दे की शिव्या. चुकलं माजं. मार मला, पन बोल."

काशीबाईनं त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग होता, भरपूर होता, आणि तो बरोबर जागच्या जागी होता.

"शिव्या आपल्या मानसाला देतात," ती म्हणाली. "तुमी जेवा. निवंल."

मग ती बाहेर गेली. जमनाची कोंबडी सुकत घातलेल्या कोळंबीच्या सोड्यात शिरली होती, तिला तिनं असं काही फैलावर घेतलं की अख्खी वाडी हसायला लागली. दादू ताटासमोर बसून ऐकत होता. त्यातलं एक अक्षरही त्याच्यासाठी नव्हतं.